रोज जवळ ठेवायला छोटा घडीचा चाकू कोणता घ्यावा?

पिंपळपान:

नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळ पाठ्यपुस्तके आणि वह्या घाऊक पुरवण्याचे आमचे छोटेसे काम आहे. गठ्ठे फोडणे, सुतळी कापणे, खोक्यांची चिकटपट्टी उकलणे हे तिथे दिवसभर चालूच असते आणि त्यासाठी पाते पुढे सरकवून टोक मोडायचा तो नेहमीचा पिवळा कटर दुकानात आहे. गेल्या महिन्यात ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीत तो तिरका अडकला, मी जोर दिला आणि पात्याचा पाऊण इंचाचा तुकडा तुटून चष्म्याच्या काचेवर येऊन आपटला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. काचेवरचा ओरखडा अजून तसाच आहे.

माझ्या वडिलांच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असे. शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, आणि त्यातले मोठे पाते वर्षानुवर्षे धार लावून निम्मे झिजलेले. पेरूच्या फोडी, पेन्सिलीचे टोक, गुंतलेला मांजा, पत्राचे पाकीट, सगळे त्याच चाकूने होई. ते गेल्यावर घर आवरले तेव्हा तो कुठे गेला हे कोणालाच सांगता आले नाही. तसाच काहीसा चाकू मला हवा आहे. पण शोधायला लागले तर काळ्या रंगाचे, दातेरी पात्यांचे, अंगठ्याने फटकन उघडणारे असे चाकू समोर येतात की त्यांनी पेरू कापायची कल्पनाही करवत नाही.

चाकू पर्समध्ये किंवा कुर्त्याच्या खिशात ओझे न वाटता राहावा, पावसाळ्यात गंजू नये, महिन्यातून एक-दोनदा सिंहगडावर जाते तिथेही उपयोगी पडावा आणि तीन हजार रुपयांच्या आत मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. स्वसंरक्षण वगैरे हेतू अजिबात नाही. पाते किती लांब असावे, उघडल्यावर ते खटक्याने पक्के अडकणे आवश्यक आहे का, आणि शहरात असा चाकू जवळ बाळगणे कायद्याला चालते का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

गडवाट:

ताई, विकत घेण्याआधी एक छोटासा खटाटोप करा, असे सुचवतो. पंधरा दिवस पर्समध्ये एक कागद ठेवा आणि जे जे कापाल ते त्यावर लिहीत जा. आपल्यापैकी बहुतेक जण चाकू घेतात तो राजगडावर मुक्काम करायचा आहे असे मनात धरून, आणि वापरतात तो दुधाची पिशवी फोडायला. मी स्वतः पहिला चाकू घेतला तो चार इंची पात्याचा, खिशाला अडकवायच्या क्लिपचा आणि चांगलाच जड. दोन वर्षांत तो माझ्यासोबत तीनदा गडावर आला आणि एकदा त्याने काकडी चिरली. आता तो टेबलाच्या खणात असतो. रोजच्या खिशात राहतो तो मात्र त्याच्या पाव वजनाचा आहे.

लांबीबद्दल माझे माप सोपे आहे: मध्यम आकाराचा पेरू एका कापात मधोमध चिरता आला की पाते पुरेसे लांब आहे. म्हणजे साधारण अडीच इंच, फार तर पावणेतीन. त्याहून लांब पाते खोकी उघडताना उलट अडचणीचे होते, कारण चिकटपट्टीखालच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठापर्यंत ते कधी पोचले हे कळतही नाही. आपल्या धंद्यात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष नावे घ्यायची तर स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीपासून सुरुवात करावी. त्यांचे चाकू मिटलेल्या लांबीवरून ओळखले जातात. ५८ मिलिमीटरचा ‘क्लासिक’ किल्ल्यांच्या जुडग्यात बसतो आणि त्याचे वजन वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास असते. त्यात लहानसे पाते, कात्री, नखांची कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी असते, पण पाते दीड इंचाच्या आतच असल्याने पेरूच्या परीक्षेत तो नापास होतो. ८४ मिलिमीटरच्या चाकवांचे पाते सुमारे अडीच इंच असते, आणि माझ्या मते तेच माप तुमच्या कामाचे आहे. ९१ मिलिमीटरचे सगळ्यांत लोकप्रिय असले तरी त्यात अवजारांचे थर वाढत गेले की जाडी इतकी होते की कुर्त्याचा खिसा एका बाजूला ओढला जातो. बाटलीचे बूच काढायचा स्क्रू, माशांचे खवले काढायचे पाते, भिंग असे काहीबाही त्यात असते. ज्याला ज्याची गरज आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण प्रत्येक जादा अवजाराचे वजन रोज वाहावे लागते.

एक गोष्ट चित्रावरून कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. या चाकवांचे पाते नखाने उघडावे लागते. पात्याच्या पाठीजवळ एक अर्धचंद्राकृती खाच असते, तिच्यात अंगठ्याचे नख अडकवून पाते ओढायचे. नवीन चाकूची कमान, म्हणजे मुठीतली पाते दाबून धरणारी पट्टी, इतकी ताठ असते की नखे बारीक कापलेली असतील, किंवा गडावर पावसात हात ओले असतील, तर पाते हलता हलत नाही. म्हणून घरबसल्या मागवण्याआधी एखाद्या दुकानात जाऊन तो स्वतःच्या हाताने पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहा. दुकानदार जरा त्रासिक चेहरा करील, करू द्यावा.

रंधा:

लाकडावर कोरीव काम करण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे हातात कुठले ना कुठले पाते सतत असते. खटक्याच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

साध्या घडीच्या चाकूच्या मुठीत पाठीच्या बाजूला पोलादाची एक लांब पट्टी असते, तिला कमान म्हणतात. पात्याचे बूड चौकोनी घडवलेले असते आणि ते या कमानीवर टेकते. पाते उघडताना कमान किंचित उचलली जाते आणि बुडाची सपाट बाजू खाली आली की परत बसते. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा आवाज तिचाच. म्हणजे पाते अडकलेले नसते, दाबाने धरलेले असते. धारेने खाली दाबून कापता तेव्हा वस्तूचा रेटा पात्याला आणखी उघडण्याच्याच दिशेने ढकलतो, त्यामुळे पेरू, सुतळी, चिकटपट्टी कापताना ते मिटत नाही. मिटते ते दोनच प्रसंगी: टोकाने भोसकताना, आणि अडकलेले पाते उपसून काढताना. दोन्ही वेळा दाब पात्याच्या पाठीवर येतो आणि पाते थेट तर्जनीवर मिटते. माझ्या उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर अर्ध्या इंचाची पांढरी रेघ आहे. नारळाच्या डोळ्यात चाकूचे टोक खुपसून पाणी काढायचा आळशीपणा मी केला होता.

तेव्हा भोसकण्याचे काम पडत नसेल तर खटक्याशिवाय चालते. पण तुम्ही कटर अडकल्यावर जोर दिलात, असे स्वतःच लिहिले आहे. ही सवय असेल तर खटक्याचा चाकू घेतलेला बरा, आणि ताणलेली प्लॅस्टिकची पट्टी तर कुठल्याच चाकूने कापू नये. ती तुटताच चाबकासारखी उसळते. तिला बोथट टोकांची मोठी कात्री वापरावी आणि पट्टी ज्या बाजूला उसळेल त्या बाजूला तोंड ठेवू नये.

खटक्याचा साधा, स्वस्त आणि देखणा चाकू म्हणजे फ्रान्सच्या सावोई प्रांतातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये घडवला, आणि आज तो बीच लाकडाची मूठ, एक पाते, एक खीळ आणि दोन पोलादी कडी यांचाच बनलेला आहे, एक कडे पक्के आणि एक फिरणारे. फिरणारे कडे १९५५ मध्ये आले: पाते उघडल्यावर ते अंगठ्याने फिरवले की त्याची खाच बंद होते आणि पात्याला मिटायला वाटच राहत नाही. आकार क्रमांकांनी ओळखतात. सहा क्रमांकाचे पाते सात सेंटिमीटरचे, आठ क्रमांकाचे साडेआठचे. आपल्याला सहा पुरेल. मुठीवर ‘काळा, लष्करी’ असे काहीच नसल्याने पेरू कापताना शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावर आठी पडत नाही.

आता त्याचे अवगुण. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड दमट हवेने फुगते आणि पाते मुठीच्या खाचेत इतके घट्ट बसते की नख तुटले तरी निघत नाही. सावोईच्या लोकांची यावर एक युक्ती आहे: मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर आपटायचे, म्हणजे पाते खाचेतून थोडे बाहेर डोकावते आणि चिमटीत धरता येते. माझी मुलगी या चाकूला ‘आपट्या’ म्हणते. मी उन्हाळ्यात खाच बारीक सँडपेपरने किंचित रुंद करून लाकडाला जवसाचे तेल पाजून घेतो, मग पावसाळा बरा जातो.

पोलादाविषयी एवढेच पाहा की ओपिनेल दोन प्रकारांत मिळतो, साध्या कार्बन पोलादाचा आणि न गंजणाऱ्या पोलादाचा. साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण कैरी किंवा लिंबू कापले की थोड्याच वेळात पाते निळसर-काळे पडते आणि फोडीला लोखंडाची चव येते. आपल्या आज्यांच्या विळ्यांचे हेच होत असे आणि कोणाची तक्रार नसे; विळी मात्र रोज धुऊन पुसून उभी केली जाई, पर्समध्ये ओल्या रुमालाशेजारी पडून राहत नसे. तुम्ही न गंजणारेच घ्या. त्या पात्यावर ‘इनॉक्स’ असे कोरलेले असते. न गंजणाऱ्या पोलादासाठीच्या फ्रेंच शब्दाचे ते आखूड रूप. जाता जाता सांगतो, व्हिक्टोरिनॉक्स या नावातला ‘इनॉक्स’ही तोच: संस्थापक कार्ल एल्सेनर यांच्या आईचे नाव व्हिक्टोरिया, आणि १९२१ मध्ये कारखान्याने नवे पोलाद वापरायला घेतल्यावर त्याला शेपूट जोडले गेले.

न गंजणारे म्हणजे अजिबात न गंजणारे नव्हे. खिळीपाशी, जिथे पुसायचा कपडा पोचत नाही, तिथे पहिला तांबूस ठिपका दिसतो. पाण्यात गेलेला चाकू उघडून वाळवावा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल घालू नका. डिसेंबरच्या थंडीत ते थिजते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते. चाकूने फळे कापायची असल्यामुळे शिलाई मशिनचे तेलही नको. औषधाच्या दुकानात पोटात घ्यायचे लिक्विड पॅरफिन मिळते, त्याची एक लहान बाटली जन्मभर पुरते.

एक_कात्री:

मतभेद नोंदवतो. चिकटपट्टी, सुतळी, धागा, पाकीट या सगळ्याला चांगली चार इंची कात्री पुरते, आणि ती पर्समध्ये कोणी पाहिली तर काही विचारत नाही. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते असे आजी म्हणत असे, तेवढा एकच धोका. पेरू मात्र दाताने फोडावा लागेल.

पक्षकार:

मी वकील नाही, परंतु न्यायालयीन कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे ही कलमे रोज डोळ्यांखालून जात असत. कायद्याचा प्रश्न दोन पायऱ्यांनी पाहावा लागतो.

पहिली पायरी शस्त्र अधिनियम, १९५९ ही. त्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू येतात, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे वेगळी काढलेली आहेत. अडीच इंचांचा, फळे कापायचा घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. इथपर्यंत वाचून बहुतेक जण थांबतात आणि ‘नऊ इंचांपर्यंत सगळे चालते’ असे बिनधास्त सांगत सुटतात. चूक तिथेच होते.

दुसरी पायरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधले कलम ३७ ही. सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्तांना ठरावीक मुदतीचा मनाई आदेश काढता येतो. त्यात जवळ बाळगायला मनाई करता येणाऱ्या वस्तूंमध्ये बंदुका, तलवारी, भाले, सोटे, काठ्या यांच्याबरोबर चाकू हा शब्द स्पष्टपणे आहे, आणि त्या शब्दाला इंचांचे माप लावलेले नाही. असा आदेश कायमचा नसतो, परंतु सणासुदीच्या, निवडणुकीच्या किंवा तणावाच्या दिवसांत तो निघत राहतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन बोटांची बातमी येते. ती आपण वाचत नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा आहे.

म्हणून व्यवहारात काय करावे? दुकानातला चाकू दुकानात ठेवणे सगळ्यांत निर्वेध, कारण तिथे तो कामाचे अवजार आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. गडावर जाताना तो सॅकच्या तळाशी, डब्याबरोबर असावा. विसर्जन मिरवणूक, सभा, सामना, कुठलीही मोठी गर्दी, तिथे तो घरी राहू द्यावा, आदेश असो वा नसो. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात कोयत्याच्या बातम्या इतक्या झाल्या आहेत की बंदोबस्तावरच्या हवालदाराने पर्समधल्या चाकूकडे संशयाने पाहिले तर त्याला दोष देता येत नाही. कोणी विचारलेच तर हसत-खेळत उत्तर न देता कामाचे स्वरूप सरळ सांगावे आणि चाकू स्वतः उघडून दाखवायला जाऊ नये.

दिसण्याचाही परिणाम होतो. कळ दाबली की पाते उसळून बाहेर येते तो चाकू, मग तो दोन इंचांचा का असेना, पाहणाऱ्याला पेरूची आठवण करून देत नाही. त्या वाटेला जाऊ नये.

विमानप्रवासात केबिनमधल्या सामानात चाकू चालत नाही, तो चेक-इन करायच्या बॅगेत टाकावा लागतो. हे मला ठाऊक होते, आणि तरीही नागपूरला लग्नाला जाताना किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू मी विसरलो. तो रांगेतच सोडून द्यावा लागला. जुडग्यात चाकू असण्याचा हा मोठा तोटा: किल्ल्या आपण न बघता खिशात घालतो. मेट्रोने येत-जात असाल तर तेही ध्यानात ठेवा, तपासणीत चाकू अडवला जाऊ शकतो.

पिंपळपान:

सर्वांचे मनापासून आभार. गडवाट यांचा खटाटोप मी अगदी शाळकरी निष्ठेने केला. दुकानातली गठ्ठ्यांची कामे सोडून, पंधरा दिवसांत एकूण ६३ वेळा काहीतरी कापले. त्यातली २९ वेळ पार्सलच्या चिकटपट्टीची होती, १४ सुतळीची आणि दोऱ्यांची, ९ फळांची, ५ प्लॅस्टिकच्या पाकिटांची, ३ नव्या कपड्यांच्या लेबलांची, २ भाच्याच्या पेन्सिलींची आणि १ वायरीभोवतीच्या प्लॅस्टिकच्या बंधाची. भोसकण्याची वेळ एकदाही आली नाही. गडावर गेले त्या रविवारी तर मी काहीच कापले नाही, कारण भजी आणि दही आयतेच मिळाले.

कागद वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या ६३ पैकी निम्म्याहून जास्त कामांना पाते लागत होते ते टोकाच्या अर्ध्या इंचापुरते. आणि दोरे-लेबलांच्या वेळी मला चाकूपेक्षा कात्रीच हवी होती, तेव्हा एक_कात्री यांचा मुद्दा मान्य आहे, पेरूचा सल्ला वगळून.

शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीला गेले. पहिल्या दुकानात व्हिक्टोरिनॉक्ससारखा दिसणारा, लाल मुठीचा, ढालीचे चिन्ह असलेला चाकू अगदी स्वस्तात दाखवला, पण पात्याच्या बुडाशी कारखान्याचे नावच कोरलेले नव्हते आणि मिटताना पाते एका बाजूला घासत होते. दुकानदाराने ‘तसाच असतो’ असे सांगितले. मी नमस्कार करून बाहेर पडले. दुसरीकडे व्हिक्टोरिनॉक्सचा, गडवाट यांनी सांगितलेल्या मापाच्या आसपासचा, एका मोठ्या पात्याचा आणि कात्रीचा चाकू मिळाला. ओपिनेलही हातात घेऊन पाहिला, आणि खरे सांगायचे तर मन त्याच्याकडेच ओढले होते, कारण त्याची मूठ बाबांच्या चाकूसारखी तळहातात बसत होती. पण माझा दुपारचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री एकाच पर्समध्ये असतात. लाकूड फुगणार हे नक्की होते. नखाचा त्रास मात्र गडवाट यांनी सांगितला तसाच झाला, पहिल्या दिवशी पाते माझ्याने उघडेना. सांध्यात तेलाचा थेंब टाकून दूरदर्शनच्या बातम्या बघत रोज उघड-मिट केली, तेव्हा आठवड्याने कमान जरा नरमली.

चाकू दुकानाच्या गल्ल्यातच असतो आणि शनिवारी संध्याकाळी तेवढा घरी येतो. पट्ट्यांसाठी बोथट टोकांची कात्री वेगळी आणली आहे.

एक शंका उरली. तीन आठवड्यांतच धार उतरल्यासारखी वाटते. टोमॅटोवर पाते घसरते. पात्यावर करडा, चिकट थरही बसला आहे. इतक्या लवकर असे व्हावे का, की मीच काही चुकीचे करते आहे?

रंधा:

चूक काही नाही, आधी थर काढा. तो चिकटपट्टीचा डिंक आहे. पाते पूर्ण उघडून टेबलावर आडवे ठेवा आणि सॅनिटायझर लावलेल्या कापडाने पाठीकडून धारेच्या बाहेर पुसत न्या, धारेच्या रेषेत बोट फिरवू नका. निम्म्या वेळा ‘बोथट झाला’ म्हणतात तो चाकू नुसता चिकट झालेला असतो. नंतर फळाला लावण्याआधी साबणाने धुऊन वाळवायला विसरू नका.

तरीही टोमॅटोवर घसरत असेल तर धार खरोखरच उतरली आहे, आणि त्याचा दोष पुठ्ठ्याला द्यावा. पन्हळी पुठ्ठा हाताला मऊ लागतो, पण पात्याला तो बारीक सँडपेपरसारखा असतो. तुमच्या चाकूचे पोलाद मुद्दाम फार कडक न ठेवलेले आहे; त्याची धार लवकर उतरते खरी, पण ते सहसा तुकडा उडून खांडते होत नाही आणि घरच्या घरी पाच मिनिटांत परत चढते. उलट जास्त कडक पोलादाचे महाग चाकू महिनोन्महिने कापतात, आणि एकदा उतरले की साध्या दगडाला दाद देत नाहीत. म्हणून तुमच्यासारख्या वापराला हेच बरे.

सायकलवर चाक फिरवत धार लावून देणारे गल्लीत येतात, त्यांच्याकडे विळी आणि स्वयंपाकाच्या सुऱ्या जरूर द्या, हा चाकू देऊ नका. फिरत्या दगडावर लहान पाते क्षणात तापते, त्याचा कस जातो, आणि पाते वर्षभरात तुमच्या वडिलांच्या चाकूइतके झिजेल. त्याला बारीक, हजार क्रमांकाचा पाण्याचा दगड आणा. दगड दहा मिनिटे पाण्यात भिजवा. धारेच्या दोन्ही बाजूंना काळा मार्कर फासा, मग पाते दगडावर आडवे टेकवून पाठ इतकीच उचला की खाली एकावर एक ठेवलेली रुपयाची दोन-तीन नाणी जातील, आणि हलक्या हाताने, जणू दगडावरून पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा रीतीने, पुढे न्या. चार-पाच वेळा झाल्यावर मार्कर पाहा. धारेच्या अगदी कडेवरचा काळा रंग गेला असेल तर कोन बरोबर आहे. वरचाच गेला असेल तर पाठ थोडी उचला. एका बाजूला घासत राहिलात की दुसऱ्या बाजूच्या कडेवर उलटलेल्या पोलादाची सूक्ष्म कड नखाला लागते. ती टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. शेवटी दोन्ही बाजू आलटून पालटून अगदी कमी दाबाने फिरवा, म्हणजे ती कड निघून जाते.

दगड आणायचा कंटाळा आला तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाशी जो खरखरीत, बिनझिलईचा गोल असतो त्यावर याच कोनात दहा-बारा वेळा फिरवले तरी आठवड्याची बेगमी होते. वर्तमानपत्राचे पान एका हातात सैल धरून कडेवर पाते ओढा. पान फाटत, अडकत गेले तर आणखी थोडे काम बाकी आहे. सुर्रकन सरळ चिरले गेले तर टोमॅटो घ्यायला हरकत नाही.